आधी खूण, मग आवाज: दवंडीपासून इंटरनेट दूरध्वनीपर्यंत

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे नाव १९३० च्या दशकात देशभर पोहोचले, ते पवनारला जाण्यापूर्वी विनोबा भावे तेथे राहिले आणि सूतकताईचे व ग्रामसेवेचे प्रयोग तेथे झाले म्हणून. त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडातील खेड्यांत सर्वांना एकाच वेळी सूचना देण्याचे रूढ साधन दवंडी हेच होते. दवंडीचा क्रम ठरलेला असे: आधी वाद्यावर थाप पडे, लोक दाराशी येत आणि मगच निरोप सांगितला जाई. खूण आधी आणि आवाज नंतर, हा त्या प्रथेचा गाभा होता. कारण थाप उशिरा पडली, तर निरोपाचे पहिले शब्द ऐकायला कोणीच हजर नसे. आजच्या कार्यालयांत, शाळांत आणि रुग्णालयांत दूरध्वनीवरून ध्वनिक्षेपकांवर सूचना देण्याची जी सोय असते, तिला पेजिंग म्हणतात, आणि तिचे यश याच क्रमावर अवलंबून असते.

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. नालवाडीपासून जवळच असलेल्या सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी संपर्क ठेवण्यासाठी दूरध्वनी बसवण्यात आला होता. प्रारंभीच्या दूरध्वनी केंद्रांत फोन करणारा हवा तो क्रमांक तोंडी सांगे आणि तेथील माणूस तारा जोडून देई, म्हणजे खूण आणि आवाज दोन्ही माणसाच्या बोलण्यातूनच जात असत. आल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये मिळालेल्या एकस्वानंतर स्वयंचलित केंद्रे आली आणि फिरत्या तबकडीच्या दूरध्वनीत प्रत्येक अंकासाठी तेवढेच विद्युत ठोके जाऊ लागले. शून्यासाठी मात्र दहा. वर्ध्याचा एसटीडी क्रमांक ०७१५२ या रीतीने फिरवायचा, तर १०, ७, १, ५ आणि २ मिळून २५ ठोके होतात, आणि सेकंदाला दहा ठोके या नेहमीच्या गतीने केवळ ठोक्यांनाच अडीच सेकंद लागतात. अंकांमधले थांबे त्याहून वेगळे.

हा वेळ सुरांनी वाचवला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८ नोव्हेंबर १९६३ रोजी बटणांचा दूरध्वनी ग्राहकांसाठी सुरू झाला. त्यात प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवते, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. १ हे बटण दाबले की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकत्र निघतात. या पद्धतीला डीटीएमएफ म्हणतात. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक केंद्रांनी पुढे लहान गावांपर्यंत दूरध्वनी नेला, आणि बटणांच्या अनेक यंत्रांवर ठोके की सूर हे ठरवणारा छोटा खटका असे.

इंटरनेटवर मात्र आवाजाचे तुकडे होतात. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरून पाठवला जातो, आणि जागा वाचवण्यासाठी तो दाबला, तर बोलणे समजते पण दोन सुरांची शुद्धता बिघडते. म्हणून २००० मध्ये आरएफसी २८३३ आणि २००६ मध्ये तिच्या जागी आरएफसी ४७३३ ही मानके आली, ज्यांच्यानुसार सूर न पाठवता अमुक अंक दाबला आणि तो इतका वेळ दाबलेला होता, अशी नोंदच वेगळ्या पॅकेटमधून जाते. भारतात इंटरनेट दूरध्वनीला एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली.

पेजिंगमधील अंकाचा विलंब याच वळणावर जन्मतो. कोणत्या विभागातील ध्वनिक्षेपक चालू करायचे, हे बोलणारा एखादा अंक दाबून सांगतो. तो अंक उशिरा ओळखला गेला, तर सूचनेचे पहिले शब्द हवेत विरतात. एक टोक नोंद पाठवते आणि दुसरे टोक सुराची वाट पाहते, हे पहिले कारण. अशा वेळी दोन्ही टोकांवर एकच पद्धत ठरवावी लागते. पुढे आणखी अंक येईल या अपेक्षेने यंत्रणा काही सेकंद थांबते, हे दुसरे. तेथे प्रतीक्षेची मुदत कमी करावी किंवा अंक संपल्याची खूण म्हणून चौकटीचे (#) बटण ठेवावे. पॅकेटे क्रमाने लावण्यासाठी ठेवलेला साठा मोठा असणे हे तिसरे, आणि पेजिंगचे यंत्र कॉल उचलण्याआधीच अंक दाबला जाणे हे चौथे. दुरुस्ती करणाऱ्याने एका वेळी एकच बदल करावा आणि अंक कोणत्या क्षणी निघाला व कोणत्या क्षणी ओळखला गेला, हे पॅकेटांच्या नोंदीत पाहावे. अन्यथा खरा दोष कधीच हाती लागत नाही.

दवंडी, तबकडी, बटण आणि पॅकेट या चारही टप्प्यांत साधने बदलली, पण गरज बदलली नाही. रुग्णालयातील तातडीच्या हाकेत गमावलेला एक शब्दही महागात पडू शकतो. म्हणून ज्यांच्या हाती अशी यंत्रणा आहे, त्यांनी ती बसवताना आवाज किती स्पष्ट येतो एवढेच न पाहता खूण वेळेवर पोहोचते की नाही, हे आधी तपासावे.