ऊर्जा व्यवस्थापन, औद्योगिक

कारखान्यात वीज व इंधन कोठे, केव्हा आणि किती खर्ची पडते हे मोजून तो वापर आटोक्यात ठेवण्याची पद्धत. भारतात तिला ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ चा आधार आहे. आयएसओ ५०००१ हे तिचे मानक २०११ मध्ये आले.

सौर विजेशी ऊर्जा व्यवस्थापनाचे नाते मुख्यतः वेळेचे आहे. कोल्हापूरच्या फौंड्र्यांचेच पाहा. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. झाकण उघडे राहिले की तप्त रस भराभर उष्णता सोडतो आणि तेवढी वीज पुन्हा ओतावी लागते. झाकण वेळेवर लावणे, भंगार स्वच्छ व कोरडे घालणे ही कामे साधी, पण फार मोलाची. त्यांना जोडून वितळण शक्यतो उन्हाच्या तासांत घेतले, तर सौर विजेचा वाटा वाढतो.

२०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी किमान भाराची अट १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे लहान कारखान्यांनाही दूरच्या सौर वा पवन प्रकल्पाची वीज घेता येते. मात्र असा करार करण्यापूर्वी वर्षभराच्या तासागणिक वापराची नोंद हाताशी असावी.