प्रबंधाच्या खात्यात शिल्लक किती?

जानेवारी १९७६. अ‍ॅन आर्बर, मिशिगन. रात्री उशिरा बर्फ तुडवत तुम्ही नॉर्थ युनिव्हर्सिटी बिल्डिंगमधल्या संगणक केंद्रात शिरता. सगळे या जागेला ‘नब्ज’ म्हणतात. कोट झटकायच्याही आधी तुम्ही काखेतला कार्डांचा गठ्ठा तपासता. कोरडा आहे. वरच्या कडेवर मार्करने ओढलेली तिरकी रेघ सलग दिसते, म्हणजे एकही कार्ड जागचं हललेलं नाही.

मूळ संगणक इथे नाहीच. तो ह्युरॉन नदीपलीकडे, नॉर्थ कॅम्पसवर आहे: अ‍ॅमडाल ४७० व्ही/६, गेल्याच वर्षी आलेला. या जातीचं पहिलं यंत्र नासाकडे गेलं, दुसरं मिशिगन विद्यापीठाकडे. इथे तुम्ही कार्डं वाचनयंत्रात घालायची आणि छापील उत्तराची वाट बघायची.

पहिल्या कार्डावर तुमच्या खात्याची चार अक्षरं आहेत. त्यांच्यापुढे तुम्हीच घातलेली मर्यादा: इतके सेकंद, इतकी पानं, त्यापुढे काम बंद. ही मर्यादा विसरलात आणि एखादी आज्ञा स्वतःभोवतीच फिरत राहिली, तर महिन्याची शिल्लक एका बैठकीत संपेल. प्राधान्यही तुम्ही कमी निवडलंय. उत्तर उशिरा मिळेल, पण दर स्वस्त.

खात्यातले हे डॉलर दाखवून समोरच्या दुकानात कॉफी मिळत नाही. विभागाने प्रबंधासाठी तुमच्या नावावर टाकलेला तो केवळ आकडा. मग हा खटाटोप कशाला? कारण याच यंत्रावर वॉशिंग्टनच्या अनुदानावर चालणारे प्रकल्पही आहेत आणि ते खरे पैसे भरतात. संघराज्य सरकारचा आग्रह असा की एकाला फुकट आणि दुसऱ्याला बिल, असं चालणार नाही. दर सगळ्यांना सारखा हवा. म्हणून विद्यापीठ स्वतःच्याच विद्यार्थ्याला कागदी पैसे देतं आणि यंत्राच्या सेकंदासेकंदाला ते कापून घेतं. पैसे खोटे असले तरी टंचाई खरी आहे.

तुमचा विषय मतदारांची पक्षनिष्ठा. तिची सामग्री इथेच आहे: १९४८ पासून मिशिगनच्या संशोधकांनी घेतलेली निवडणूक सर्वेक्षणं, चुंबकीय टेपवर साठवलेली. ती उलगडायला इथल्याच सामाजिक संशोधन संस्थेत घडलेली ‘ओसायरिस’ प्रणाली. सगळं हाताशी, आणि तरी हात आखडता.

रुंद, घडीघडीचा कागद बाहेर येतो. तुम्ही शेवटून वाचायला लागता. वाण्याच्या बिलासारखी तिथे ओळीने नोंद आहे: प्रोसेसरचा वेळ, व्यापलेली स्मृती, वाचलेली कार्डं, छापलेल्या ओळी, पानं, प्रत्येकाचे डॉलर आणि सेंट. मग वर जाता. तक्ता निम्माच आहे. एका कार्डावर स्तंभाचा आकडा चुकला होता; चुकीचे पैसेही वसूल झालेत.

दोन हजार पंचवीसच्या सवयीने तुमचं बोट ‘पुन्हा चालव’ असं बटण शोधतं. इथे ते नाही. छिद्रयंत्रापाशी रांग लावा, एक कार्ड नव्याने पाडा, सगळी कार्डं डोळ्यांखालून घाला. कागद-पेन्सिलीने विचार करणं तेवढं फुकट आहे, त्यामुळे तुम्ही ते भरपूर करता.

सकाळी मार्गदर्शकांकडे जाता. वाढीव रक्कम हवी, अजून पाच मॉडेलं चालवायची आहेत.

“यातल्या कोणत्या मॉडेलने तुझा निष्कर्ष बदलेल?” ते विचारतात.

तुम्ही यादी पाहता. तीन मॉडेलं केवळ चालवता येतील म्हणून लिहिलेली. ती खोडता. उरली दोन: वय वाढतं तशी निष्ठा घट्ट होते, की प्रत्येक पिढी आपली निष्ठा घेऊनच येते?

“आता हेच विनंतीपत्रात लिही,” ते म्हणतात, “विभागप्रमुखांना दोन ओळींत पटेल असं.”

गेले कित्येक महिने प्रास्ताविकाची पानं लिहून फाडणारे तुम्ही, थोड्या डॉलरांसाठी त्या दोन ओळी दहा मिनिटांत लिहिता. पत्राची कार्बन प्रत काढून घेता; प्रबंधाचं पहिलं पान तिच्यावरूनच टंकायचं आहे.