संकेतस्थळांची सुगम्यता, विद्यापीठीय

संकेतस्थळावरील मजकूर दृष्टिहीन, अल्पदृष्टी, कर्णबधिर अथवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तीस दुसऱ्याच्या मदतीवाचून वाचता व वापरता येणे, म्हणजे त्या संकेतस्थळाची सुगम्यता होय. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, वेळापत्रक, निकाल व पुनर्मूल्यांकन हे सर्व व्यवहार संकेतस्थळावरून होऊ लागल्यापासून विद्यापीठांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (सध्याचे नाव राजगड) या डोंगराळ तालुक्यांवरून हे चांगले ध्यानात येते. या दोन्ही तालुक्यांचा बराचसा भाग पूर्वी भोर संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठ (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापन झाले. येथील महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. पूर्वी विद्यापीठाची परिपत्रके टपालाने येत, महाविद्यालयाच्या फलकावर लागत आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती सहाध्यायी वा लिपिक वाचून दाखवी. फलकाची जागा संकेतस्थळाने घेतल्यावर अंतर कमी झाले, हे खरे. तोरण्याच्या पायथ्याच्या गावाहून पुण्यास जाऊन येण्यात एस.टी.ने दिवस मोडतो. तथापि संकेतस्थळावरील सूचना संगणकाला वाचता येत नसेल, तर त्या विद्यार्थ्याची स्थिती फलकाच्या काळापेक्षाही अवघड होते. कारण फलकापाशी निदान वाचून दाखविणारे कोणी तरी उभे असे.

दृष्टिहीनांच्या स्वतंत्र वाचनाचा पाया फ्रान्समधील लूई ब्रेल (१८०९–५२) याने सहा ठिपक्यांच्या लिपीने घातला. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली व मराठीसही तीच लागू झाली. ब्रेल ग्रंथ आकाराने मोठे, निर्मितीस खर्चिक आणि संख्येने थोडे असल्यामुळे उच्च शिक्षणात विद्यार्थ्यांचा भर वाचकांवर आणि ध्वनिफितींवर राहिला. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या संगणकप्रणालींमुळे ही स्थिती पालटली. यांपैकी ‘जॉज’ ही १९८९ मध्ये आली. २००६ पासून विकसित होत गेलेली ‘एनव्हीडीए’ विनामूल्य असल्याने भारतात विशेष रुजली.

मराठीच्या वाटेत मात्र एक वेगळाच अडथळा होता. युनिकोड या जागतिक संकेतावलीत देवनागरीस १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. परंतु मुद्रणव्यवसायात व कार्यालयांत त्यानंतरही दीर्घकाळ जुने टंक वापरात राहिले. या टंकांत देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसविलेले असते. त्यामुळे डोळ्यांना ‘परीक्षा’ दिसते, पण यंत्राच्या लेखी तेथे काही निरर्थक रोमन चिन्हांची रांग असते आणि वाचनप्रणाली तीच उच्चारते. सूचना लिहिणाऱ्याला आपले काय चुकले, हे कधी कळतच नाही.

याहून अधिक रूढ झालेला दोष कार्यालयीन पद्धतीतून आला आहे. परिपत्रक संगणकावर टंकलिखित होते, कागदावर छापले जाते, त्यावर सही व शिक्का होतो आणि मग त्या कागदाची प्रतिमा संकेतस्थळावर चढविली जाते. मूळचा वाचनीय मजकूर अशा रीतीने केवळ सहीसाठी चित्र होऊन बसतो. प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली मराठीसाठी उपलब्ध आहेत. परंतु जोडाक्षरे, पुसट शिक्के व कोष्टके यांत त्या चुकतात, आणि परीक्षेच्या तारखेतील एका अंकाची चूकही वर्ष वाया घालवू शकते. उपाय अगदी साधा आहे : सहीच्या प्रतीशेजारी मूळ मजकूरही ठेवणे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय स्वाक्षरीस मान्यता असल्याने कागदावरील सहीचा आग्रहही आता फारसा समर्थनीय ठरत नाही.

सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८, २०१८ व २०२३ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रतिमेस शब्दांत वर्णन, शीर्षकांची खरी श्रेणी, अर्जातील प्रत्येक रकान्यास नाव, चलच्चित्रास मथळे, अक्षर व पार्श्वभूमी यांत पुरेसा भेद (सर्वसाधारण मजकुरास किमान ४·५ : १) आणि माउसवाचून केवळ कळफलकाने सर्व क्रिया करता येणे, या त्यांतील प्रमुख अपेक्षा आहेत. पृष्ठाची भाषा यंत्रास कळेल अशी नोंदणे मराठीत विशेष अगत्याचे आहे. तसे न केल्यास मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो आणि ‘चमचा’ व ‘चार’ यांतील च-काराचा फरक पुसला जातो.

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७) याच्या ४२ व्या कलमाने माहिती व संज्ञापन यांची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य ठरविले. त्याखालील २०१७ च्या नियमांपैकी १५ वा नियम केवळ शिफारसवजा असल्याने अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरविण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निर्णयात अंकीय सेवांची सुगम्यता ही संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानली गेली.

कायद्यापेक्षा दैनंदिन व्यवस्थापन अवघड ठरते. संकेतस्थळ एकदा निकषांनुसार बांधले, तरी रोज नवी पृष्ठे चढविणारे परीक्षा, पात्रता व वित्त विभागांतील कर्मचारी तंत्रज्ञ नसतात. प्रत्येक नव्या परिपत्रकागणिक संकेतस्थळ थोडे थोडे दुर्गम होत जाते. स्वयंचलित तपासणीने वर्णन नसलेली प्रतिमा सापडते, पण दिलेले वर्णन निरुपयोगी आहे हे सापडत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष दृष्टिहीन वाचकाकडूनच पाहणी करून घ्यावी लागते. परीक्षेत लेखनिक व तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत (२०१३, २०१८) आहे. त्या सवलतीचा अर्जच हाताने भरावयाच्या कागदाची प्रतिमा म्हणून ठेवला गेला, तर विद्यार्थ्याला लेखनिक मिळविण्याआधीच लेखनिक शोधावा लागतो.