श्री. गोविंदभाई ढोलकिया : हिऱ्यांची पेढी, दानधर्म आणि राज्यसभा

सुरत शहरात ‘गोविंदकाका’ या नावाने सुपरिचित असलेले श्री. गोविंदभाई ढोलकिया हे मूळचे अमरेली जिल्ह्यातील दुधाळा गावचे. शेतकरी कुटुंबातील गोविंदभाई १९६४ साली सुरतेस आले व हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर म्हणून कामास लागले. १९७० मध्ये भागीदारांसह त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. तीच आजची ‘श्री रामकृष्ण एक्स्पोर्ट्स’.

अयोध्येतील श्रीराम मंदिराकरिता १५ जानेवारी २०२१ रोजी देशभर निधी समर्पण अभियान सुरू झाले. त्यात गोविंदभाईंनी ११ कोटी रुपये अर्पण केले व त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. याच अभियानात घरोघरी १०, १०० व १००० रुपयांची कुपने दिली जात होती, हेही येथे नमूद करावयास हवे. दहा रुपये देणाऱ्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही. मोठ्या देणगीदारांविषयी लिहिताना आम्हा विश्वस्त मंडळींना ही गोष्ट नेहमी सलते.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या डांग जिल्ह्यात ३११ गावे आहेत. प्रत्येक गावात हनुमान मंदिर उभारण्याचा त्यांचा संकल्प आहे. नाशिक, धुळे भागातून सापुताऱ्यास जाणाऱ्या भाविकांना हा वनप्रदेश परिचित आहेच. मूळ गाव दुधाळा येथे त्यांच्या कुटुंबाने घरांवर सौरऊर्जा संच बसवून दिले.

राजकारणातील प्रवेश मात्र उतारवयातील. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाने त्यांना गुजरातमधून राज्यसभेची उमेदवारी दिली. चार जागांसाठी चारच उमेदवार राहिल्याने २० फेब्रुवारी रोजी ते बिनविरोध निवडून आले. श्री. जे. पी. नड्डा हेही त्याच वेळी निवडून आले. उमेदवारी अर्जासोबत गोविंदभाईंनी सुमारे २७९ कोटी रुपयांची संपत्ती जाहीर केली होती.

अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारी २०२४ ची आणि ही निवड त्यानंतर महिन्याभरातील. त्यामुळे देणगी व पद यांचा संबंध जोडणारी चर्चा झाली, तर नवल नाही. देणगी तीन वर्षे आधीची होती, हे ध्यानात घ्यावे. त्याचबरोबर राज्यसभेचे सदस्य आमदारांच्या मतांनी निवडले जातात, आणि येथे तर मतदानाचीही वेळ आली नाही. सर्वसामान्य मतदारांचा कौल त्यांनी घेतलेला नाही, ही बाबही तितकीच खरी. त्यांच्या सदस्यत्वाची मुदत एप्रिल २०३० पर्यंत आहे.