शेवटचं कधी घेतलंत?

अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनावर उपचार शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचं स्वागत मी औषधांच्या यादीने करत नाही. करतो ते एका प्रश्नाने: 'शेवटचं कधी घेतलंत?' यातला आदरार्थी 'त' मुद्दाम आहे.

ब्युप्रेनॉर्फिन हे उपचारातलं औषध मेंदूतल्या रिसेप्टरला हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतं, पण परिणाम अर्धवटच करतं. अंगात हेरॉइन असतानाच ते दिलं तर हेरॉइन ढकललं जातं आणि रुग्णाला एकाएकी जबर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, येते. म्हणून हेरॉइननंतर साधारण 12 तास आणि मेथाडोननंतर 24 तासांहून अधिक थांबायचं, टर्कीची लक्षणं दिसू लागली की मग सुरुवात करायची. हे तास मोजायचे कुणाच्या शब्दावर? रुग्णाच्याच. तो खोटं बोलला तर फार्माकॉलॉजीत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही तुमचा डोस चुकतो.

खरं बोलण्याची किंमत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. उदाहरणार्थ, कुवेतमधल्या जाब्रियात मुबारक अल-कबीर रुग्णालयाशेजारी कुवेत विद्यापीठाची वैद्यकीय विद्याशाखा आहे. तिथल्या विद्यार्थ्याला हे लवकर कळायला हवं. कुवेतच्या 1983 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात जबर शिक्षा होत्या, पण आपणहून उपचाराला येणाऱ्यावर खटला नाही, अशी सवलतही होती. ती माहीत असलेला डॉक्टर निराळ्या सुरात विचारतो. मात्र आखातात कामाला आलेल्या परदेशी माणसाला तुरुंगाइतकीच मायदेशी पाठवणीची धास्ती असते. त्याच्या नोकरीवर गावाकडचं कर्ज फिटत असतं.

आपल्याकडे 1980 च्या दशकात ब्राउन शुगर आली, तिला आपण 'गर्द' म्हटलं आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. हा शब्द एकदा चिकटला की समोरचा काही सांगायचा राहिला का? डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. मला त्या कामातलं मोठं वाटतं ते हे, की तिथे व्यसनी माणसाकडे आधी माणूस म्हणून पाहिलं गेलं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनावर कोरून घ्या, कारण ती न शिकल्याने माणसं मरतात. आठ-दहा दिवसांत टर्की उतरवून घरी पाठवणं हा पुरा उपचार नव्हे. तेवढ्यात शरीराची सवय मोडते, आणि पुन्हा घेताना जुनाच डोस श्वास थांबवतो. नॅलोक्सोन हा उतारा वेळेवर मिळाला तर तो श्वास परत आणता येतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं दीर्घकाळ द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. 'एका नशेऐवजी दुसरी' असं म्हणणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतीलच. मधुमेह्याचं इन्सुलिन ते कधी बंद करतात, एवढं विचारा, जरा बेतानेच.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणूनच औषधांचं नाही, हिस्टरी घेण्याचं आहे. त्यातली एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. रुग्णाची भाषा तुम्हाला येत नसेल तर दुभाषी म्हणून त्याच्या मुकादमाला खाटेशी उभं करू नका.