अलिबागची भातखाचरे आणि चरीचा संप

“आमची जमीन कुळकायद्यात गेली.” नवगावकर, थळकर, किहीमकर, पेणकर, ज्यांची आडनावेच गावावरून पडली त्या आपल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. मुंबईत गिरणीत, रेल्वेत, पलटणीत नोकऱ्या धरल्या तरी गावी चार खाचरे आणि नारळांची वाडी ठेवायची, आणि ती कुळाने कसायची, ही रीत होती. जमीन गेली हे खरेच. पण तो कायदा आभाळातून पडला नव्हता. त्याची मुळे आपल्याच अलिबाग तालुक्यात आहेत, आणि ही हकीकत आपल्या मंडळींत क्वचितच सांगितली जाते.

प्रथम जमीन कशी होती ते पाहू. डोंगराकडच्या शेतांत राब भाजून रोप करायचे आणि पाऊस पडला की लावणी करायची. खाडीलगतच्या खारेपाटात मात्र तऱ्हाच निराळी. तेथे बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचे. त्या खाऱ्या मातीत तांबडा राता भात तग धरी. सारी भिस्त मातीच्या बांधावर. उधाणाला बांध फुटून खारे पाणी आत शिरले की त्या वर्षीचे पीक जाई, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचीही वर्षे वाया जात. बांधावर माती टाकायची कुळांनी, आणि खळ्यावरचा भात आधी मोजून न्यायचा खोताने. पीक बुडाले तरी ठरलेला मक्ता चुकत नसे. बाकी राहिली की ती कर्ज म्हणून चढे, वर वेठ असेच. पावती मागण्याची सोय नव्हती.

यातूनच 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावी शेतकरी जमले आणि त्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. खोताची जमीन कसायचीच नाही! पंचवीस गावे त्यात उतरली आणि संप 1939 पर्यंत चालला. भात पिकवणाऱ्याने सहा पावसाळे भात लावायचा नाही, याचा अर्थ शेतीवर जगलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लोकांनी मोलमजुरी केली, रानातला लाकूडफाटा विकला, पण मोडले नाहीत.

आता पक्षांचे पाहा. 1936 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. 10 जानेवारी 1938 ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. सत्तेवर होते काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ. ते विधेयक मंजूर झाले नाही, परंतु 1939 मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीला यावे लागले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने जुन्या कुळांना संरक्षण मिळाले. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. मध्यंतरी, 1947 मध्ये, शेतकरी कामगार पक्ष निघाला. कुलाबा जिल्ह्यात त्याने असे मूळ धरले की नारायण नागूंचे चिरंजीव दत्ता पाटील अलिबागहून वारंवार निवडून आले. आमच्या मते बाहेरच्या पुढाऱ्यांनी तेथे पक्ष नेला नाही. सहा वर्षांच्या संपाने लोकांना संघटना शिकवली होती, पक्षाला फक्त नाव द्यायचे उरले होते.

आम्ही राहतो त्या शॉमबर्गलाही अशी गोष्ट आहे. आज येथे वुडफिल्डचे मोठे दुकानसंकुल आहे, पण 1956 साली गाव नोंदले गेले तेव्हा चहूकडे जर्मन शेतकऱ्यांची शेते होती. येथली काळी माती मूळची पाणथळ. जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरून पाणी काढले तेव्हा ती पिकू लागली. आपल्याकडे पाणी बाहेर अडवायचे, येथे आतले काढायचे! इलिनॉयच्या शेतकऱ्यांचे भांडण खोताशी नव्हते, रेल्वे कंपन्या आणि शिकागोच्या धान्यकोठारवाल्यांशी होते. 1870 नंतर त्यांनी एकजूट करून राज्याकडून दरांवर बंधन घालवून घेतले आणि 1877 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मात्र त्यांची जमीन बहुधा त्यांचीच होती. चरीच्या माणसाकडे तीही नव्हती.

पुन्हा आपल्या वाक्याकडे येऊ. 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची, कुळाने हप्त्यांनी भरायची. विधवा आणि अज्ञान मालकांना काही सवलत होती. नेमकी तीच वर्षे आपल्या लोकांच्या इस्राएलला जाण्याची. त्यामुळे कोणाचा हप्ता पोहोचला, कोणाचा नाही, याची आठवण घराघरांत वेगळी आहे. आमच्या आजोळीही याविषयी दोन मते होती. मावशी कुळाला दोष देत, आजोबा म्हणत, “बांधावर आपण कधी माती टाकली का?”

ज्यांच्या घरी जुना सातबारा, मक्त्याची वही किंवा हप्त्याची पावती पेटीत पडून असेल, त्यांनी तिची नक्कल संपादकांकडे जरूर पाठवावी.