कुर्ल्याच्या आमराईतला धर्मकारभार

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज मुंबईची उपनगरे. अठराव्या शतकात ती साष्टी बेटावरची खेडी होती. त्यांतल्या अनेक गावांत शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती कुटुंबे राहत. त्यांना परदेशी मिशनऱ्यांनी धर्म दिला, हे सर्वश्रुत आहे. पण मिशनरी निघून गेल्यावर ही मंडळी टिकली कशी, याची चर्चा फारशी होत नाही.

पोर्तुगालच्या राजाला पोपकडून ‘पाद्रोआदो’ नावाचा अधिकार मिळाला होता. धर्माधिकारी नेमताना राजाचा शब्द चाले. त्या बदल्यात चर्च बांधणे व पाद्र्यांना पोसणे ही राजाची जबाबदारी असे. हा पैसा लिस्बनहूनच येई असे मात्र नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने चर्च केले आणि राजा तिसरा जुआंव याने त्या देवस्थानाचे उत्पन्न पाद्र्यांकडे वळवले. म्हणजे परदेशी म्हणवणाऱ्या मदतीचा एक झरा इथल्याच मातीतला, आणि तोही दुसऱ्याच्या देवाचा होता. अंधेरीच्या पूर्वेला मरोळच्या शिवारात जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च उभारले, तेही याच राजाश्रयाच्या काळात.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय पाद्री गेले, जमिनींचे उत्पन्न गेले. राजाच्या आधारावर उभी असलेली ही मंडळी आता विखुरणार, असेच कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. याची साक्ष एका फ्रेंच माणसाने दिली आहे. पारशांच्या अवेस्ताच्या शोधात भारतात आलेला आंकेतील द्युपेरों १७६० च्या डिसेंबरात साष्टीत हिंडला. मराठे ख्रिस्ती धर्माचरणात हात घालत नाहीत आणि चर्चमध्ये चांगली गर्दी असते, असे त्याला दिसले. ठाण्याच्या उत्सवाला काही हजार ख्रिस्ती जमले होते. पाद्रीही देशीच होते. त्यांचा प्रमुख, गोव्याच्या आर्चबिशपचा व्हिकार जनरल, कुर्ल्याला एका आमराईत राहत असे. साऱ्या बेटाचा धर्मकारभार तिथून चाले.

मदत पुरती तुटली नव्हती, तिचे रूप पालटले होते. साष्टी मराठ्यांची आणि गोवे पोर्तुगिजांचे; मध्ये राज्याची सीमा होती. तिच्या पलीकडून आता राजाची सत्ता येत नव्हती, येत होता तो आर्चबिशपचा अधिकार. तो चालवणारी माणसे मात्र याच देशाची होती. गोऱ्या पाद्र्यांच्या हाताखाली ज्यांना दुय्यम मानले जाई, त्यांनीच पडत्या काळात देवळे सांभाळली. हो, देवळेच, इथले ख्रिस्ती आजही चर्चला ‘देऊळ’ म्हणतात.

पुढे १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली आणि वेगळाच पेच उभा राहिला. रोमने १८३८ मध्ये पाद्रोआदोचा अधिकार आवरता घेतला. गोव्याने तो निकाल मानला नाही. मग कोणता पाद्री खरा, गोव्याचा की रोमने नेमलेल्या व्हिकाराचा, यावरून भाविकांत फूट पडली. दुहेरी कारभाराचे हे दुखणे १९२८ पर्यंत पुरले. मदत देणारे दोन झाले की मालकी सांगणारेही दोन होतात.

१८८७ मध्ये या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना स्थापन केली. इंग्रजी आमदानीत उपयोगी पडावे म्हणून घेतलेले हे नाव. घरातली बोली मात्र मराठीच राहिली.

मरोळचे ते जुने चर्च आज सीप्झच्या कुंपणात भग्नावस्थेत आहे. १८४० मध्ये साथ आली, तेव्हा गावकऱ्यांनी ते सोडले आणि मरोळला नवे उभारले. भिंती मागे राहिल्या, मंडळी पुढे गेली. राजाश्रय संपल्यावर साष्टीत घडले, तेही याहून वेगळे नव्हते.